व्हर्च्युअल सर्व्हरवर नेलेले ईआरपी रोज ठरावीक वेळीच का अडते?

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण आणि रांजणगाव भागातील कारखान्यांच्या आयटी विभागांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. फिजिकल सर्व्हरवर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले ईआरपी, म्हणजे बिले, साठा, उत्पादन आणि लेखा एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, व्हर्च्युअल सर्व्हरवर, म्हणजे एका मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या सर्व्हरवर, हलवले जाते, पहिले काही दिवस चांगले जातात आणि मग रोज सायंकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान ते अडू लागते. एरवी दोन-तीन सेकंदांत जतन होणारे बिल चाळीस सेकंद घेते, डिस्पॅच विभागातील स्क्रीन गोठल्यासारखी होते आणि पावणेआठ वाजता काहीही न करता सारे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी करणाऱ्याला काहीच सापडत नाही, म्हणून तक्रार बंद केली जाते आणि सायंकाळी ती पुन्हा नोंदवली जाते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा अधिक असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, आणि ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल रस्त्यावर आणायचा तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते. बिल ईआरपीत जतन झाल्याशिवाय यांतले काहीच तयार होत नाही. परिणामी भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो, आणि ज्या ग्राहकाच्या असेंब्ली लाइनला तो माल ठरलेल्या तासाला हवा असतो त्याला कंपनीने कोणता सर्व्हर घेतला आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. म्हणूनच या तक्रारीचे निदान घाईने करू नये असे मला मनापासून वाटते.

व्हीसीपीयू वाढवण्याआधी

बहुतेक ठिकाणी पहिला उपाय एकच केला जातो: डेटाबेसच्या व्हर्च्युअल मशीनला आणखी व्हीसीपीयू, म्हणजे आभासी प्रोसेसर, दिले जातात. भोसरीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मला बोलावले तेव्हा हा उपाय दोनदा करून झाला होता. जुना डेटाबेस सर्व्हर १६ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) होता, म्हणून नव्या मशीनला आधी १६ व्हीसीपीयू दिले गेले. तक्रारी आल्यावर ते २४ केले, आणि त्यानंतर अडथळ्याची वेळ कमी होण्याऐवजी वाढली. त्या मशीनच्या आत टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर मात्र ४० टक्क्यांच्या आसपासच दिसत होता. या ४० टक्क्यांमुळे सर्वांची दिशाभूल झाली. सीपीयू निवांत आहे, म्हणजे दोष ईआरपीचा, असे आयटी विभाग म्हणत होता, आणि फिजिकल सर्व्हरवर हेच सॉफ्टवेअर व्यवस्थित चालत होते, म्हणजे दोष व्हर्च्युअलायझेशनचा, असे ईआरपीचा पुरवठादार म्हणत होता.

मशीनच्या आतून सीपीयूचा वापर दिसतो. सीपीयूसाठी किती वेळ ताटकळावे लागले हे दिसत नाही. हायपरवायझरने, म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, मशीनला प्रत्यक्ष कोअर दिलेलाच नसतो त्या क्षणी मशीनच्या आतले घड्याळच थांबल्यासारखे असते, त्यामुळे आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण थांबलो होतो याची जाणीव होत नाही. हे ताटकळणे होस्टच्या, म्हणजे त्या प्रत्यक्ष यंत्राच्या, बाजूने मोजावे लागते. व्हीएमवेअरच्या हायपरवायझरमध्ये या मापाला सीपीयू रेडी म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये सीपीयू वेट टाइम पर डिस्पॅच हा काउंटर पाहावा. केव्हीएमवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सवरही, लिनक्स मशीनमध्ये टॉप ही आज्ञा दिल्यावर येणारा एसटी हा होस्टने कळवलेला आकडा तेच सांगतो. व्हीएमवेअरवरील लिनक्समध्ये मात्र हा आकडा मूळ मांडणीत शून्यच दिसतो, तेव्हा त्या शून्यावर विसंबू नये. ब्रॉडकॉम या कंपनीने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअरचे अधिग्रहण पूर्ण केल्यावर परवान्यांची रचना बदलली आणि अनेक कंपन्या दुसऱ्या हायपरवायझरचा विचार करू लागल्या. परंतु पुढे सांगितलेला दोष हायपरवायझर बदलून जात नाही. वाटणी चुकली असेल तर तो नव्या जागीही सोबत येतो.

रेडीचा आकडा वाचताना एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. व्हीसेंटरच्या, म्हणजे व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या, तक्त्यात रेडी मिलिसेकंदांत दिसतो, आणि ताज्या तक्त्यातील प्रत्येक बिंदू २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा असतो. त्या आकड्याला २०,००० ने भागून १०० ने गुणले की टक्के मिळतात. पण संपूर्ण मशीनसाठीचा आकडा ही तिच्या सर्व व्हीसीपीयूंची बेरीज असते, म्हणून आलेल्या टक्क्यांना व्हीसीपीयूंच्या संख्येनेही भागावे लागते. भोसरीच्या मशीनचा सायंकाळी सहाचा आकडा ६२,४०० होता. त्याचे ३१२ टक्के होतात आणि २४ ने भागल्यावर प्रत्येक व्हीसीपीयूमागे १३ टक्के. तोच तक्ता मागील दिवसाचा उघडला तर प्रत्येक बिंदू ५ मिनिटांचा होतो, तेव्हा भाजक २०,००० नसून ३,००,००० असतो. जुना तक्ता उघडून २०,००० ने भागणारा माणूस रेडी पंधरापट फुगवून घाबरतो, आणि व्हीसीपीयूंच्या संख्येने भागायला विसरणाराही तसाच फसतो. होस्टवर थेट आकडे दाखवणाऱ्या ईएसएक्सटॉप या साधनातसुद्धा मशीनच्या ओळीतील आकडा बेरजेचाच असतो.

व्यवहारात प्रत्येक व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांपर्यंतचा रेडी सहसा जाणवत नाही. ५ ते १० टक्क्यांमध्ये लक्ष ठेवावे आणि १० टक्क्यांच्या वर वापरकर्त्याला तो हमखास जाणवतो. डेटाबेससारख्या मशीनला मी ५ टक्केही अधिकच मानतो, कारण एका व्यवहाराने धरलेले लॉक, म्हणजे नोंदीवरचा ताबा, तेवढा वेळ सुटत नाही आणि त्यामागे इतरांची रांग लागते. थोड्या ताटकळण्याने मोठी रांग कशी लागते याचे उत्तर या लॉकमध्ये आहे.

मशीन मोठे केल्याने ते हळू का झाले

लग्नातल्या पंगतीचा विचार करा. दोघेच पाहुणे असतील तर कुठेही दोन पाने मोकळी झाली की ते बसतात. चोवीस जणांचे कुटुंब आम्ही एकाच पंगतीला बसणार म्हणून उभे राहिले तर मधल्या काळात सुटी पाने कितीही मोकळी झाली तरी ते उभेच राहतात. पूर्वीच्या हायपरवायझरमध्ये नियम जवळजवळ असाच कडक होता. आता तो सैल आहे, म्हणजे काही जण आधी बसू शकतात. पण ते इतरांच्या फार पुढे जाऊ लागले की त्यांचा हात थांबवला जातो. या थांबवण्यालाही स्वतंत्र माप आहे, त्याला को-स्टॉप म्हणतात, आणि ते ३ टक्क्यांच्या वर सातत्याने राहिले तर मशीनला गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिले आहेत असे खुशाल समजावे.

भोसरीच्या होस्टमध्ये १२ कोअरचे दोन प्रोसेसर होते, म्हणजे एकूण २४ कोअर. हायपरथ्रेडिंगमुळे ४८ दिसत असत, पण एका कोअरचे दोन धागे म्हणजे दोन कोअर नव्हेत. वाटणी करताना कोअरच मोजावेत. २४ व्हीसीपीयूंचे डेटाबेस मशीन पूर्ण वेगाने धावायचे तर संपूर्ण होस्ट त्या एकट्यासाठी मोकळा हवा. त्याच होस्टवर ईआरपीचे तीन अॅप्लिकेशन सर्व्हर, अहवालांचा सर्व्हर, मेलचा सर्व्हर आणि इतर बरीच मशीन मिळून शंभराहून अधिक व्हीसीपीयू वाटलेले होते.

यात मेमरीच्या जवळिकीचाही भाग आहे. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी असते आणि दुसऱ्याच्या मेमरीतून माहिती आणायला अधिक वेळ लागतो. याला नुमा रचना म्हणतात. १२ कोअरच्या प्रोसेसरवर १२ किंवा त्याहून कमी व्हीसीपीयूंचे मशीन, त्याची मेमरीही त्या बाजूच्या वाट्यात मावत असेल तर, एकाच बाजूला राहू शकते. १६ किंवा २४ व्हीसीपीयू दिले की ते दोन्ही बाजूंना विभागते. त्यात कोणी भविष्याची सोय म्हणून सीपीयू हॉट-अॅड, म्हणजे चालू मशीनला व्हीसीपीयू वाढवून देण्याची सोय, चालू ठेवले असेल, तर व्हीस्फिअर (व्हीएमवेअरचे सर्व्हर सॉफ्टवेअर) ७ पर्यंतच्या आवृत्त्यांत मशीनला ही रचना दिसतच नाही आणि डेटाबेस आपले काम त्यानुसार वाटू शकत नाही. ही सोय उत्पादनातील डेटाबेससाठी बंदच ठेवावी.

गरज किती हे जुन्या सर्व्हरच्या नोंदींतून काढले. १६ कोअरच्या त्या सर्व्हरवर महिनाअखेरीसही वापर २५ टक्क्यांच्या वर फारसा गेलेला नव्हता, म्हणजे जुन्या पिढीचे चार कोअर पुरत होते. डेटाबेस मशीनला ८ व्हीसीपीयू ठेवले, अॅप्लिकेशन सर्व्हर ८ वरून ४ वर आणले आणि होस्टची वीजबचत मांडणी बायोसमध्ये बदलून पूर्ण कार्यक्षमतेवर ठेवली. वीजबचत मांडणीत कोअर झोपलेले असतात आणि थोड्या-थोड्या वेळाने येणाऱ्या कामाला प्रत्येक वेळी त्यांना जागे करण्याचा विलंब लागतो. विंडोज सर्व्हरच्या आतील बॅलन्स्ड हा पॉवर प्लॅनही त्याच वेळी बदलावा. व्यवस्थापनाला सर्व्हर लहान करण्याचा प्रस्ताव पटवणे हे या कामातले सर्वांत अवघड वळण होते, आणि ते सायंकाळी सहा वाजता त्यांच्यासमोर बसून रेडीचा तक्ता दाखवल्यावरच पटले. बदलानंतर त्याच वेळचा आकडा ३,२०० वर आला, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयूमागे २ टक्के.

तरीही एक प्रश्न उरत होता: सायंकाळीच का? बिले त्या वेळी जास्त होतात हे खरे, पण ती जुन्या सर्व्हरवरही होत होती. उत्तर वेळापत्रकांत मिळाले. कार्यालय साडेपाचला सुटते म्हणून पूर्वी कधीतरी प्रत्येक सर्व्हरवरची अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी साडेपाचला लावलेली होती, आणि व्यवस्थापनाच्या अहवालांची ताजी माहिती भरण्याचे कामही त्याच सुमारास सुरू होत असे. सर्व्हर वेगवेगळे होते तोपर्यंत प्रत्येक तपासणीचा भार ज्याच्या त्याच्यापुरता होता. आता ती सर्व यंत्रे एका छताखाली आली आणि सर्वांची तपासणी एकाच मिनिटाला एकाच होस्टवर सुरू होऊ लागली. स्थलांतर करताना आपण डिस्क, आयपी पत्ते आणि परवाने हलवतो, आणि जुन्या वेळापत्रकांकडे कोणी पाहत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की ठरावीक वेळी अडणाऱ्या ईआरपीच्या बाबतीत आठवडाभर केवळ घड्याळाची नोंद ठेवावी: अडथळा कोणत्या मिनिटाला सुरू झाला, कोणत्या मिनिटाला संपला. नंतर त्या होस्टवरच्या आणि त्याच स्टोरेजवरच्या प्रत्येक मशीनची नियोजित कामे एका कागदावर वेळेनुसार लिहावीत. दोष ज्याच्या नावावर नोंदवला गेला त्या मशीनमध्ये तो क्वचितच असतो. त्याच वेळी शेजारी कोण जागे होते हे शोधावे लागते.

तीन आठवड्यांनी मध्यरात्री

सायंकाळची तक्रार थांबली आणि तीन आठवड्यांनी मध्यरात्रीची सुरू झाली. दुसरी पाळी रात्री बाराला संपते, त्यामुळे पावणेबारा ते सव्वाबारा या अर्ध्या तासात उत्पादनाच्या नोंदी भराभर होतात. नेमके तेव्हा ईआरपीची जोडणी तुटत होती आणि अर्धवट नोंद रद्द होऊन कामगाराला ती पुन्हा भरावी लागत होती. आठ तास उभे राहून काम केलेल्या माणसाला बस सुटण्याच्या वेळी हे करावे लागणे योग्य नाही.

या वेळी रेडी अगदी कमी होता. बॅकअप सॉफ्टवेअर अकरा वाजता डेटाबेस मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपणारी नोंद, घेत असे आणि प्रत काढून झाल्यावर, म्हणजे बाराच्या आसपास, तो काढून टाकत असे. स्नॅपशॉट असताना नवे लेखन मूळ डिस्कवर न जाता वेगळ्या फाइलमध्ये साठते, आणि स्नॅपशॉट काढताना ते मूळ डिस्कमध्ये मिसळावे लागते. शेवटच्या टप्प्यात मशीन क्षणभर गोठवले जाते. व्हीस्फिअर ६.० पासून ही पद्धत सुधारली आहे, तरी लेखन जोरात चालू असलेल्या आणि मंद स्टोरेजवरच्या डेटाबेसला हे गोठणे जाणवण्याइतके लांबू शकते. ते अंदाजाने ठरवू नये: मशीनच्या फोल्डरमधील व्हीएमवेअर लॉग फाइलमध्ये चेकपॉइंट अनस्टन अशी ओळ असते आणि मशीन किती मायक्रोसेकंद थांबले होते हे तिच्यातच लिहिलेले असते.

तपासताना आणखी एक गोष्ट आढळली. ईआरपीचा पॅच टाकण्यापूर्वी सुरक्षितता म्हणून कोणी एक स्नॅपशॉट घेतला होता आणि तो काढायचा राहून गेला होता, त्यामुळे डेटाबेसचे प्रत्येक वाचन मूळ डिस्क आणि त्या वेगळ्या फाइली यांच्या साखळीतून होत होते. व्हीएमवेअरची शिफारस अशी आहे की कोणताही स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, हा समज धोकादायक आहे. मूळ डिस्क गेली तर स्नॅपशॉटही निरुपयोगी होतो. इतका जुना स्नॅपशॉट काढणे हेही मोठे काम असते आणि ते चालू पाळीत करू नये. आम्ही ते सुटीच्या गुरुवारी, स्टोरेजवर पुरेशी मोकळी जागा आहे याची खात्री करून केले. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने, व्यवहार-लॉगसह, वेगळ्या डिस्कवर घेण्याची व्यवस्था केली आणि संपूर्ण मशीनची प्रत आठवड्यातून एकदा त्याच गुरुवारी ठेवली. डेटाबेसच्या मूळ फाइली आणि लॉगही तेव्हाच दोन वेगळ्या पीव्हीएससीएसआय या व्हीएमवेअरच्या आभासी डिस्क-कंट्रोलरवरच्या वेगळ्या डिस्कवर नेले, कारण सर्व काही एका कंट्रोलरवर असेल तर लॉगचे छोटे लेखन मोठ्या अहवालाच्या वाचनामागे रांगेत थांबते. ईएसएक्सटॉपमध्ये स्टोरेजचा विलंब २० मिलिसेकंदांच्या वर टिकून राहत असेल तर स्टोरेजकडे पाहावे; हायपरवायझरच्या स्तरावरचा विलंब २ मिलिसेकंदांच्या वर असेल तर अशी रांग होस्टमध्येच लागलेली असते.

महिनाअखेर, आणि गुरुवारनंतरचा शुक्रवार

महिन्यातून एकदाच येणारी मंदी बहुधा मेमरीची असते. जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची सर्वसाधारण मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेची, म्हणून महिना बंद झाल्यापासून लेखा विभागाचे मोठे अहवाल चालू असतात. होस्टवर आहे त्यापेक्षा अधिक मेमरी वाटलेली असेल तर हायपरवायझर मशीनमधील बलून ड्रायव्हर या घटकामार्फत मशीनकडून मेमरी परत मागतो. डेटाबेसकडे मेमरीतील माहितीचा सर्वांत मोठा साठा असतो, तो रिकामा झाला की प्रत्येक वाचन डिस्कवर जाते. डेटाबेस मशीनची पूर्ण मेमरी राखीव करावी आणि डेटाबेसच्या आतही कमाल मर्यादा लावून ऑपरेटिंग सिस्टिमसाठी जागा सोडावी. मात्र एवढी राखीव मेमरी एक होस्ट बंद पडल्यावर दुसऱ्यावर मिळेल का, हे आधी मोजावे. नाहीतर गरजेच्या रात्री मशीन दुसरीकडे सुरूच होणार नाही.

काही वेळा लॉगिनच नाकारले जाते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरळीत होते. तेथे होस्टचे घड्याळ तपासावे. व्हीएमवेअर टूल्समधील नियमित वेळ-जुळवणी बंद असली तरी मशीन दुसऱ्या होस्टवर हलवताना किंवा स्नॅपशॉटच्या वेळी मशीनचे घड्याळ होस्टप्रमाणे सरकू शकते, आणि विंडोज डोमेनमधील केर्बेरॉस ओळख-पडताळणीला मूळ मांडणीत ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळलेली असणे अपेक्षितच आहे. ते मशीनबरोबर होस्टवरही करावे.

गुरुवारी पुण्यात महावितरणची देखभालीची कामे असतात आणि अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटीही त्याच दिवशी असते, त्यामुळे सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे प्रसंग याच दिवशी येतात. शुक्रवारी सकाळी सातच्या पाळीला ईआरपी उघडत नसेल तर आधी मशीन सुरू होण्याचा क्रम पाहावा. फिजिकल सर्व्हरच्या काळात एखादा जाणता माणूस एकेक बटण दाबत असे आणि क्रम त्याच्या डोक्यात असे. आता सर्व मशीन एकदम उठतात, अॅप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसच्या आधी तयार होतो, जोडणी न मिळाल्याने त्याची सेवा थांबते आणि पुन्हा प्रयत्न करीत नाही. होस्टवर क्रम लावून द्यावा: आधी लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर आणि नावांचा सर्व्हर (डीएनएस), नंतर डेटाबेस, आणि त्याने जोडणी स्वीकारायला लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजून तेवढ्या अंतराने अॅप्लिकेशन सर्व्हर. ईआरपीचा परवाना यूएसबी डाँगलवर असेल तर ते नेटवर्कवरील यूएसबी उपकरणाला जोडावे आणि ते उपकरणही यूपीएसवर आहे ना, हे पाहावे. भोसरीत ते साध्या भिंतीवरच्या प्लगला लावलेले होते.